घरटे राखणारा नर

आज अमेरिकेतल्या टेनेसी नदीच्या काठावर शेजारी गळ टाकून बसलेल्या आजोबांना वीतभराहून मोठा क्रॅपी हा गोड्या पाण्यातला मासा लागला. त्याच्या जबड्याची कागदासारखी पातळ कातडी फाटू न देता त्यांनी गळ अलगद काढला, काळवंडलेला गळा व छाती निरखली आणि "हा घरटे राखतो आहे," एवढेच म्हणून मासा पाण्यात सोडला.

ते वाक्य मनातून जात नाही. वसंतात पाणी 16 ते 20 अंश सेल्सिअसपर्यंत तापले की क्रॅपी विणीसाठी उथळ पाण्यात, बुडालेल्या झुडपांजवळ येतात. नर तळाशी खळगा करतो आणि पिल्ले बाहेर पडेपर्यंत अंड्यांची राखण करतो. होडी नसलेल्या आमच्यासारख्यांना मासा हाताशी येतो तो नेमका याच दिवसांत.

मादी हजारो अंडी घालते, त्यामुळे एका नराने नदी ओस पडणार नाही, हे मला मान्य आहे. तरीही आजोबांचेच मला पटते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, तिथे निर्णय कायदा घेतो. इथे तो गळ धरणाऱ्याच्या हाती असतो.

विणीच्या दिवसांत असा गडद नर लागला, तर तुम्ही काय कराल?