मागच्या त्रिकोणातला तडा

सायकलचा आवाज सुरू झाला तो चढावर. डावा पाय खाली गेला की एक ‘टक्’. सपाटीला काहीच नाही. फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे धक्के शोषणाऱ्या) बाइकमध्ये असा आवाज आला की आधी पेडल, सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) आणि बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस ज्यात फिरतो तो भाग) बघायचं, कारण बहुतेक वेळा दुखणं तिथेच असतं. मीही तेच केलं. सगळं काढून, पुसून, ग्रीस लावून परत बसवलं. सीटवरून उठून पेडल मारलं तरी ‘टक्’ होतंच, म्हणजे सीटपोस्ट यादीतून गेली. पेडल बदलली, तरी तेच. यात दोन आठवडे गेले, आणि त्या दोन आठवड्यांत मी बाइक चालवत राहिले. तेवढं करायला नको होतं.

शेवटी मागच्या सस्पेन्शनला हात घातला. शॉकमधली (धक्के शोषणाऱ्या नळकांड्यातली) हवा पूर्ण सोडली, दोन्ही बोल्ट काढून शॉक बाजूला ठेवला आणि मागचं चाक हाताने वर-खाली केलं. शॉक जागेवर असला की हे काही कळत नाही, तो पिव्हटची, म्हणजे मागचा भाग ज्यावर वर-खाली फिरतो त्या सांध्याची, खरखर झाकून टाकतो. आता मात्र मुख्य पिव्हटपाशी दाणे अडकल्यासारखं स्पष्ट जाणवलं. चाक आडवं हलवलं तर प्ले (सैलपणा) चांगलाच होता. डाव्या बाजूचं ६९०२ मापाचं बेअरिंग काढलं (आत १५, बाहेर २८ मिलिमीटर), तर सीलच्या आत ग्रीसऐवजी तांबूस चिखल.

बेअरिंग बदललं की काम झालं असं वाटलं होतं. नवं बसवायच्या आधी बेअरिंगची खाच साफ करावी म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलने चेनस्टे (मागच्या चाकाकडे जाणारा फ्रेमचा खालचा भाग) पुसला. जिथे डावी नळी पिव्हटच्या तुकड्याला वेल्ड केली आहे, तिथे केसासारखी एक रेघ दिसली. ओरखडा असता तर वाकडातिकडा, कुठेही गेला असता. ही रेघ वेल्डच्या कडेला धरून गेली होती. नख फिरवलं तर अडकत होतं. टॉर्च आडवा धरला की रेघेला सावली पडत होती. खात्रीसाठी डाय पेनिट्रंट (तड्यात शिरणारा रंग) वापरलं: लाल रंग लावायचा, थांबायचं, पुसून टाकायचा, मग पांढरा डेव्हलपर फवारायचा. काही मिनिटांत पांढऱ्यावर लाल रेघ उमटली, डोळ्यांना दिसली होती तिच्या जवळजवळ दुप्पट लांब.

‘वेल्ड मारून घे’ असं दोघा-तिघांनी सांगितलं. मी ठाम नाही म्हटलं. ६०६१ अ‍ॅल्युमिनियमची ताकद वेल्डनंतरच्या उष्णता-प्रक्रियेतून येते. नुसतं परत वेल्ड केलं तर त्याच्या आजूबाजूचा भाग मऊ पडतो आणि पुढचा तडा तिथूनच जातो. उतारावर वेगात असताना मागचा त्रिकोण, म्हणजे मागचं चाक धरणारा फ्रेमचा भाग, सुटण्याची जोखीम मला घ्यायची नव्हती.

मग कंपनीकडे वॉरंटीचा दावा केला. फ्रेम मीच नवी घेतली होती, बिल होतं, सीरियल नंबर बॉटम ब्रॅकेटखाली होता. तरी पहिलं उत्तर आलं: ‘हा रंगाचा तडा दिसतो.’ माझे फोटो समोरून फ्लॅशने काढलेले होते, त्यात तसंच दिसणार. मी परत काढले. बाजूने प्रकाश, शेजारी पट्टी, एक फोटो लांबून जागा कळावी म्हणून, एक अगदी जवळून, आणि डाय टेस्टचा एक. प्लेबद्दलही लपवलं नाही. बेअरिंग झिजणं वॉरंटीत येत नाही हे मला ठाऊक होतं, ते मागितलंही नाही. या वेळी दावा मंजूर झाला.

आला तो नव्या मॉडेलचा त्रिकोण, चाकाचा हब (मधला भाग) बसायची जागा १४८ मिलिमीटर रुंद असलेला. माझं चाक १४२ चं. हबच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचे स्पेसर आणि रोटरखाली (ब्रेकच्या तबकडीखाली) तितकीच चकती घालून ते बसलं, पण नव्या फ्रेमच्या मानाने कॅसेट (मागची गिअरची चक्रं) ३ मिलिमीटर आत राहिली, त्यामुळे चेन सरळ जाते का ते बघून गिअर पुन्हा लावावे लागले. नवे बेअरिंग प्रेसने बसवले, बोल्टना थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावायचा गोंद) लावलं आणि टॉर्क रेंचने (किती जोराने आवळतोय ते दाखवणाऱ्या पान्याने) कंपनीने दिलेल्या आकड्यावर थांबले. अंदाजाने आवळणं मी आता बंद केलं आहे.

जुना त्रिकोण कापून त्याचा फोटो पाठवायची अट होती. करवतीने उजवी बाजू कापली. डावी कापावी लागलीच नाही, हाताने वाकवली तर तड्यावरच तुटली. तुटलेल्या कडेचा अर्ध्याहून जास्त भाग काळपट होता, आत चिखल शिरलेला. उरलेली पट्टी लखलखीत, नुकतीच फाटलेली. तेवढ्या पट्टीवर मी दोन आठवडे उतार उतरत होते.