‘टाइप ७७’चे पंख उतरवताना

मिग-२१ एफएल या लढाऊ विमानाला आम्ही हवाई दलात ‘टाइप ७७’ म्हणायचो. ११ डिसेंबर २०१३ रोजी पश्चिम बंगालमधल्या कलाईकुंडा हवाई तळावर या विमानांना समारंभाने निरोप दिला गेला. पुढे त्यातलंच एक विमान एका इंजिनिअरिंग कॉलेजला प्रदर्शनासाठी मंजूर झालं. मी एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचं काम करणारा. ते सुटं करून ट्रेलरवर चढवायचं आणि कॉलेजात पुन्हा जोडायचं काम आमच्या टीमकडे आलं.

निवृत्त लढाऊ विमान जसंच्या तसं चौथऱ्यावर ठेवत नाहीत. कामाचे भाग आधीच निघालेले असतात. ताफा म्हातारा झाला की आयुष्य संपलेल्या विमानांच्या अंगावरचे सुटे भाग काढूनच उरलेली उडती ठेवावी लागतात. इंजिन, रडार, रेडिओ, तोफ, सगळं परत जमा होतं. उरलेला सांगाडा बहुतेक वेळा भंगाराच्या लिलावात जातो. चौथरा फार थोड्यांच्या नशिबी येतो.

आमच्या आधी आर्मामेंटवाले, म्हणजे शस्त्रं-स्फोटकं हाताळणारे आले. वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या सीटखाली स्फोटक दारूची कार्ट्रिज असतात, आणि विमान निवृत्त झालं म्हणून ती निवृत्त होत नाहीत. ती निघून सही होईपर्यंत मी कॉकपिटच्या शिडीला कुणाला हात लावू दिला नाही. मग हवेच्या आणि ऑक्सिजनच्या बाटल्या रिकाम्या केल्या, टाक्या निचरून घेतल्या. तरी केरोसिनचा वास काही जात नव्हता.

पंखांसकट विमानाची रुंदी ७.१५ मीटर. एवढं धूड रस्त्याने नेता येत नाही, म्हणून पंख उतरवणं भाग होतं. डावा पंख सकाळीच निघाला. उजव्याचा एक बोल्ट मात्र जागचा हलेना. तेल सोडलं, थांबलो, पाना लावला, पुन्हा तेल. क्रेन तासांच्या भाड्यावर उभी होती. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, “साहेब, नाहीतरी उडायचं नाहीये आता. गॅस कटर आणू का? दहा मिनिटांत मोकळं करतो.”

मी सरळ नाही म्हणालो. त्या जागी आंच लागली की धातूचा ताव उतरतो, म्हणजे तो मऊ पडतो, बोल्टाचं भोक वेडंवाकडं होतं. तोच पंख उद्या त्याच भोकांत बसवून उंचावर उभा करायचा होता आणि त्याच्या सावलीत पोरं बसणार होती. माझ्याबरोबरचा साताऱ्याचा पोरगा म्हणाला, “सर, मी धरतो पाना, तुम्ही हळूहळू ठोका.” दुपार कलल्यावर बोल्ट करकरला आणि फिरला. बाहेर काढून पुसला, तर दांड्याचा मधला भाग अजून चकचकीत होता. पंख निघाल्यावर आतल्या बाजूला तपासनिसाचे गोल शिक्के दिसले, ही विमानं बनवणाऱ्या एचएएलच्या ओझरच्या कारखान्यातले. मी निफाडचा, आमच्या भागातल्या किती घरांनी त्या कारखान्यावर संसार केले! मला त्या शिक्क्यांवरून हात फिरवल्याशिवाय राहवलं नाही.

कॉलेजात जोडणी करताना आम्ही विमानाचा भार चाकांवर ठेवला नाही. टायर बसतात, मग विमान एका अंगाला कलतं. खाली लोखंडी आधार दिले. इंजिनासाठी हवा आत घेणाऱ्या पुढच्या तोंडाला जाळी मारली, नाहीतर पहिल्याच हंगामात पारवे आत घर करतात. पोटाखाली निचऱ्याची भोकं पाडली, कारण पाणी साचलं की ड्युरॅल्युमिन, म्हणजे विमानाचा ॲल्युमिनियमचा मिश्रधातूसुद्धा आतून फुगतो, पापुद्रे सुटतात. चौकाचौकांत रंग उडालेली, काच फुटलेली विमानं मी पाहिली आहेत. निगा राखणं जमणार नसेल तर विमान मागूच नये. त्यापेक्षा ते वितळलेलं बरं.

प्राचार्यांना हे मी तोंडावर सांगितलं. त्यांनी वर्कशॉपच्या दोन मुलांना तिथेच बोलावून घेतलं. मी त्यांना विमानाखाली आडवं व्हायला लावलं आणि दर पावसाळ्याआधी तार घालून साफ करायची भोकं एकेक करून दाखवली.