दुधाची रांग आणि मशिदीचं नाव

यंदा सुट्टीवर आलो तेव्हा ऐन वेचणी सुरू होती. मजूर मिळेना म्हणून दोन दिवस आईसोबत मीही कापूस वेचायला गेलो आणि तिसऱ्या दिवशी कंबर धरून बसलो. मी कतारात, दोहा शहरात कामाला. तिथलं एसीतलं शरीर, काळ्या मातीत वाकायची सवय गेलेली. मग सायकल काढली तर मागचं चाक बसलेलं. ती ढकलत पारावर नेली. तिथं चाचांचं पंक्चरचं दुकान आहे, मी शाळेत होतो तेव्हापासून त्याच जागी, त्याच टिनाखाली.

चाचांनी ट्यूब घमेल्यात बुडवली आणि बुडबुडे शोधता शोधता विचारलं, "काय रे बापू, एक सांग. तिकडं तं राजाबी मुसलमान, शेजारचा राजाबी मुसलमान. मंग ते भांडण कायचं झालं होतं? टीवीवर दाखवून रायले होते."

पारावर आमचे एक मामा तंबाखू मळत बसले होते. ते म्हणाले, "दिखाव्याचं असते ते चाचा. आतून सारे एकच."

गंमत अशी, की चाचांनाही मनातून तसंच वाटत होतं. "सारे एकच" यावर दोघांचं एकमत होतं, फक्त मामांना त्याची भीती वाटत होती आणि चाचांना आधार. दोघांना सांगितलं ते इथं जरा सविस्तर लिहितो, कारण दर सुट्टीत हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच.

5 जून 2017, सोमवार. रमजानचा दहावा रोजा होता. सकाळी साइटवर पोचलो तर फोरमन मोबाइलमध्ये डोकं घालून उभा. सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, बहारीन आणि इजिप्त या चौघांनी कतारशी संबंध तोडले होते. कतारला जमिनीवरून बाहेर पडायचा रस्ता एकच, सौदीतून येणारा, आणि तोच बंद. संध्याकाळी रूमवरच्या केरळवाल्या मित्रासोबत सुपरमार्केटात गेलो. दुधाचं शेल्फ रिकामं. दूध यायचं सौदीतून. पीठ, तांदूळ, कोंबडी, जे मिळेल त्याने लोक ट्रॉल्या भरत होते. आमच्यापुढे एक म्हातारा अरब उभा होता, हातात ताकाची एकच बाटली. इफ्तारीला जेमतेम अर्धा तास असेल. तो कुणाशी काही बोलत नव्हता, बाटली मात्र छातीशी धरून होता.

चाचा म्हणाले, "रोज्याच्या महिन्यात?"

हो, रोज्याच्या महिन्यात. आणि नुसता धर्म एक नव्हे, पंथसुद्धा एकच. सौदी आणि कतार ही दोन्ही राज्यं अठराव्या शतकातल्या मुहम्मद इब्न अब्दुल वहाब यांच्या शिकवणुकीला मानणारी. दोहात 2011 साली सरकारने भलीमोठी मशीद उघडली, तिला नाव दिलं त्यांचंच. नाकेबंदीच्या आठवडाभर आधी सौदीतल्या त्यांच्या वंशजांनी, म्हणजे तिथल्या मोठ्या धर्मगुरूंच्या घराण्याने, जाहीर पत्रक काढलं: आमच्या पूर्वजाचं नाव त्या मशिदीवरून काढा. दोन सरकारांचं जमत नाही म्हटल्यावर पूर्वजाचीही वाटणी. आपल्याकडे भावकीत धुऱ्यावरून वाद पेटला की बापाचा फोटो कोणाच्या घरी राहणार इथपर्यंत गोष्ट जाते, तसंच.

उंटांचं सांगितलं तेव्हा मामा मळायचे थांबले. कतारी लोकांचे हजारो उंट आणि मेंढ्या सौदीच्या बाजूला चरायला असायच्या. ई-क्लासच्या सरकारी जमिनीवरून ढोरं हाकलावीत तशी ती सगळी सरहद्दीपार हाकलली. त्यांचे हाल झाले, पुष्कळ मेलीही. हजचाही वाद झाला. कतार म्हणे आमच्या यात्रेकरूंना अडवता, सौदी म्हणे तुम्हीच हजचं राजकारण करता. ऑगस्टमध्ये सौदीच्या राजाने कतारी हाजींसाठी सरहद्द उघडायचा हुकूम काढला, आणि त्याचीही बातमी अशी झळकली की औदार्य सगळ्यांना दिसावं.

मदतीला कोण आलं, तर विमानांतून भाजीपाला आणि खाण्याचं सामान पाठवणारा शिया, म्हणजे वेगळ्याच पंथाचा, इराण, आणि दोन दिवसांत संसदेत ठराव करून सैनिक पाठवायला मंजुरी देणारा तुर्कस्तान. पुढे कतारने जर्सीसारख्याच परदेशी, हॉलस्टीन गाई चक्क विमानाने आणल्या, हजारोंनी, आणि अल खोरच्या बाजूला वाळवंटात थंड हवेचे गोठे बांधले. हे ऐकून चाचांच्या हातातला सोल्यूशनचा ट्यूब तसाच राहिला. "गाय इमानात?" बाकी सगळं विसरतील, हे पारावर वर्षभर चालेल.

या सगळ्यात प्रत्येक सरकारकडे आपापला आलिम, म्हणजे धर्मपंडित होता, आपापला फतवा होता, आणि प्रत्येकजण उम्मतच्या, म्हणजे साऱ्या मुसलमानांच्या एकीसाठीच हे करत होता. मला तिथं राहून कळलं ते एवढंच: सरकारला काय करायचं हे आधी ठरतं, त्याला धर्माचा आधार नंतर शोधला जातो.

उदाहरणं हवी तेवढी आहेत. 1956 मध्ये इजिप्तच्या अधिकृत धर्मपंडितांनी सांगितलं, इस्रायलशी तह करणं शरियतला मंजूर नाही. 1979 मध्ये राष्ट्राध्यक्ष सादात यांनी तह केला, तर अल-अझहर या कैरोतल्या मोठ्या धर्मपीठाने प्रेषितांनी मक्केतल्या विरोधकांशी केलेल्या हुदैबियाच्या तहाचा दाखला देऊन त्याला मान्यता दिली. ग्रंथ तोच. मधल्या काळात बदललं ते सरकारचं गणित, आणि अल-अझहर तर 1961 च्या कायद्याने सरकारच्याच कह्यात आलेलं. 1990 मध्ये इराकच्या सद्दामने कुवेत गिळलं तेव्हा सौदीला अमेरिकेची फौज हवी होती. मक्का-मदिनेच्या देशात बिगरमुस्लिम फौज कशी आणायची? सौदीतले बडे धर्मगुरू शेख बिन बाझ यांच्यासह मोठ्या उलेमांनी परवानगी दिली. पलीकडे सद्दाम, ज्याचा बाथ पक्ष मुळात धर्माला बाजूला ठेवणारा, त्याने जानेवारी 1991 मध्ये इराकच्या झेंड्यावर 'अल्लाहु अकबर' लिहून घेतलं.

यात एक खोच आहे, ती मामांना पटली. ज्या भाषेत सरकार परवानगी मिळवतं त्याच भाषेत दुसरा कुणी सरकारला जाब विचारू शकतो. 1979 मध्ये मक्केच्या मोठ्या मशिदीवर ज्यांनी दोन आठवडे कब्जा केला, ते राजघराण्याला धर्मभ्रष्टच म्हणत होते. अमेरिकन फौजेला विरोध करणाऱ्यांत पुढे बिन लादेन होता. 1986 मध्ये सौदीचे राजे फहद यांनी 'महाराज' ही पदवी सोडून 'दोन पवित्र मशिदींचा सेवक' ही पदवी घेतली, तिच्या मागे हीच धास्ती असावी असं मला वाटतं.

चाचांना सगळ्यात जास्त लागलं ते चीनचं. 2019 च्या जुलैत 37 देशांनी शिनजियांग या विगुर मुसलमानांच्या प्रांतातल्या चीनच्या धोरणाची पाठराखण करणारं पत्र संयुक्त राष्ट्रांत दिलं. त्यात सौदी होता, पाकिस्तान होता, अमिराती होती. आमच्या कतारचीही सही होती. थोड्याच दिवसांत कतारने गुपचूप ती मागे घेतली, बातमी ऑगस्टमध्ये फुटली. विगुर मुसलमानांना तिथं डांबून ठेवलेलं जगाला माहीत होतं. पॅलेस्टाईनसाठी जे गळे दाटून येतात ते बीजिंगचं नाव निघालं की साफ होतात. चाचा बराच वेळ घासणीने ट्यूब घासत राहिले, पंक्चरची जागा केव्हाच खरवडून झाली होती.

मामांना वाटू लागलं आपण जिंकलो. म्हणून त्यांना त्यांच्याच घरची गोष्ट काढून दिली. 1914 मध्ये तुर्की खलिफाने जिहाद पुकारला, तो जर्मनीच्या ख्रिस्ती कैसरच्या बाजूने. इंग्रजांच्या फौजेतले हिंदी मुसलमान शिपाई त्या खलिफाच्याच सैन्याशी लढले. "सारे एकच" कुठे होते तेव्हा? पुढे त्याच खलिफाच्या गादीसाठी, म्हणजे खिलाफतीसाठी, आपल्या नागपुरात, 1920 च्या डिसेंबरात, काँग्रेसने असहकारावर शिक्कामोर्तब केलं, हिंदू पुढाऱ्यांनीही. आणि 3 मार्च 1924 ला खिलाफत बरखास्त कोणी केली, तर तुर्कांच्याच संसदेने. इथल्या लोकांना कुणी विचारलंही नाही. मामा म्हणाले, "आपल्या गावात बी निवडणूक आली की उमेदवार सकाळी मारुतीले नारळ फोडते अन् संध्याकाळी दर्ग्यावर चादर घेऊन जाते." म्हटलं, मामा, तुम्हाला सगळं आधीच माहीत होतं.

चाचांनी ट्यूब टायरमध्ये बसवली, हवा भरली, अंगठ्याने दाबून पाहिली. "मंग मिटलं का ते?"

मिटलं. 5 जानेवारी 2021 ला सौदीतल्या अल-उला इथं कतारचे अमीर विमानातून उतरले आणि सौदीच्या युवराजाने त्यांना मिठी मारली. सरहद्द उघडली. सौदीचं दूध पुन्हा शेल्फवर आलं, कतारी गाईंच्या दुधाच्या शेजारी. मी अजून गाईंचंच घेतो, विमानातून आल्या बिचाऱ्या.

"अन् त्या मशिदीचं नाव?"

"तेच आहे, चाचा."

त्यांनी पैसे घेतले नाहीत. मी शाळेत असतानाचे कुठले तरी माझेच आठ आणे त्यांच्याकडे बाकी आहेत म्हणाले.