लेककर, मुक्काम पोस्ट लॉस एंजेलिस

गणपतीला भाचा मुंबईहून आला तो पिवळी-जांभळी जर्सी घालूनच. आई ओटीवर दूर्वा निवडत बसली होती. तिने विचारलं, "काय लिहिलंय रे छातीवर?"

"लेकर्स, आजी."

"लेकरं? कोणाची?"

भाच्याने कपाळाला हात लावला. पण लेकर्स म्हणजे काय, ते त्यालाही सांगता येईना. मग मीच सांगितलं की लेक म्हणजे तळं आणि लेकर्स म्हणजे तळ्याकाठची माणसं. आई म्हणाली, "मग लेककर म्हण की. आपण पावसकर, तसे ते लेककर."

तीस वर्षं मी बास्केटबॉलच्या या टीमच्या मागे वेडा आहे, आणि हे मला कधी सुचलं नव्हतं. आम्ही पावसकर, पण तीन पिढ्या गुहागरात. पावसला आमच्या नावावर एक माडही नाही. लेकर्सचं तेच. ही तळी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातली. तिथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरसुद्धा दहा हजार तळ्यांचा उल्लेख असतो. १९६० साली टीम तिथल्या मिनियापोलिस शहरातून लॉस एंजेलिसला गेली, आडनाव तेवढं सोबत नेलं. आणि लॉस एंजेलिस असं, की तिथे प्यायचं पाणीही शेकडो किलोमीटरवरून कालव्याने आणतात!

मूळ गाव तर तिसरंच. डेट्रॉइट. तिथे टीमचं नाव जेम्स (म्हणजे रत्नं) होतं आणि १९४६-४७च्या हंगामात त्यांनी ४४ पैकी ४ सामने जिंकले. मिनियापोलिसच्या दोघांनी ती १५,००० डॉलरला घेतली. घेतली म्हणजे काय, लीगमधली जागा घेतली. पण शेवटच्या नंबराचंही एक नशीब असतं. त्याच साली शिकागोचा एक संघ ज्या नव्या लीगमध्ये गेला होता ती लीगच बुडाली, खेळाडू वाटले गेले, आणि सगळ्यांत कच्चा संघ म्हणून पहिली निवड यांच्याकडे आली. त्यांनी जॉर्ज मायकन उचलला.

सहा फूट दहा इंच, जाड भिंगांचा चष्मा. कॉलेजात आमचे सर रोज सकाळी 'मायकन ड्रिल' करून घ्यायचे. रिंगखाली उभं राहून एकदा उजव्या हाताने, एकदा डाव्या हाताने बॉल टाकत राहायचं, थांबायचं नाही. मैदान जांभ्याचं, खाऱ्या वाऱ्याने रिंग गंजलेली, जाळी कधीच गेलेली. मायकन हा माणूस आहे हे मला दुसऱ्या वर्षाला कळलं, तोवर मी ते मशीनचं नाव समजत होतो.

रिंगसमोरच्या पट्टीत हल्ला करणाऱ्याला तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही; मायकनला आवरायला १९५१मध्ये ती पट्टी ६ फुटांची १२ फूट रुंद केली. फोर्ट वेनच्या संघाने त्याआधीच वेगळी युक्ती काढली होती. २२ नोव्हेंबर १९५० रोजी मिनियापोलिसमध्ये येऊन ते बॉल हातात धरून नुसते उभे राहिले. सामना १९-१८ असा संपला, फोर्ट वेन जिंकलं. लेकर्सच्या १८ पैकी १५ गुण एकट्या मायकनचे. अशा कंटाळवाण्या खेळांवर उपाय म्हणून १९५४ला २४ सेकंदांत बॉल रिंगकडे टाकायलाच लावणारं घड्याळ आलं. (आमच्या ग्रामसभेतही बसवावं, असं माझं जुनं मत आहे.)

मिनियापोलिसमध्ये पाच विजेतेपदं मिळाली. मग मायकन थांबला आणि प्रेक्षकही आटले. जानेवारी १९६०ला सेंट लुइसहून परतताना त्यांच्या डीसी-३ विमानाची वीज गेली. बाहेर बर्फाचं वादळ, आत काळोख. कशेडीच्या धुक्यात वायपर बंद पडलेल्या एसटीत जो बसलाय, त्याला थोडी कल्पना येईल. वैमानिकांनी आयोवातल्या कॅरोल गावाजवळ मक्याच्या उभ्या शेतात विमान उतरवलं. टीमचा स्टार खेळाडू एल्जिन बेलर याच्यासकट सगळे धडधाकट बाहेर आले. त्याच वर्षी टीमने गाव सोडलं.

पुढचं बहुतेकांना ठाऊक असतं. साठच्या दशकात बोस्टन सेल्टिक्सकडून सहा वेळा फायनल हरले. १९६९ला तर घरच्या मैदानाच्या छताशी विजयाचे फुगे आधीच बांधून ठेवले आणि हरले. साखरपुड्याआधी मांडव घालू नये!

माझं स्वतःचं दुखणं १८ जून २०१०चं. सेल्टिक्सशीच सातवा सामना, आपल्याकडे सकाळ. तिसऱ्या क्वार्टरमध्ये लेकर्स १३ गुणांनी मागे, आणि मृगाच्या पावसात लाइट गेली. आली तेव्हा टीव्हीवर जाहिराती. शेवटी ताईने मुंबईहून फोन करून सांगितलं, ८३-७९, तुझी लेकरं जिंकली. आता लिहिताना लक्षात आलं, हा विनोद घरात आधीपासूनच होता.

मायकनच्या जर्सीचा ९९ नंबर लेकर्सनी ३० ऑक्टोबर २०२२ला मानाने निवृत्त केला, आता तो दुसऱ्या कोणाला मिळणार नाही. हे झालं लॉस एंजेलिसला आल्यावर ६२ वर्षांनी, मायकन जाऊनही १७ वर्षं झाल्यावर. त्याआधी मिनियापोलिसच्या नावाचा एक बॅनर लावला होता म्हणा, पण घरच्या कर्त्या माणसाला एवढा उशीर?

हे सगळं मी आईला सांगितलं. दूर्वांची जुडी बांधता बांधता ती म्हणाली, "आणि त्या डेट्रॉइटात? तिथे कोणी नारळ ठेवला का?"