मुंबई न पाहता मुंबई रंगवणारा सॅम्युअल स्कॉट

लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवर आज लॉइड्स या विमा बाजाराची इमारत आहे. नळ, जिने, लिफ्ट सगळं बाहेरच्या अंगाला, आत काचेचं उंचच उंच दालन. याच जागेवर ईस्ट इंडिया कंपनीचं मुख्यालय, ईस्ट इंडिया हाउस होतं. १८६१ मध्ये ते पाडलं. आपल्या देशाचं दोनेकशे वर्षांचं नशीब ज्या टेबलाभोवती ठरत होतं, ते टेबल इथे होतं आणि त्या टेबलाच्या भोवतालच्या भिंतींवर सहा तैलचित्रं होती. कंपनीची जहाजं जिथे जिथे थांबत त्या ठिकाणांची: सेंट हेलेना, केप ऑफ गुड होप, तेलिचेरी, मद्रासचा फोर्ट सेंट जॉर्ज, कलकत्त्याचा फोर्ट विल्यम आणि मुंबई.

१७३२ च्या नोव्हेंबरात कंपनीने या सहा चित्रांचे ९४ पौंड १० शिलिंग चुकते केले. जमीन, किल्ले, इमारती जॉर्ज लॅम्बर्टच्या. हा निसर्गचित्रकार, नाटकांचे पडदेही रंगवायचा. पाणी आणि जहाजं समुद्रचित्रकार सॅम्युअल स्कॉटची. आणि दोघांपैकी एकानेही यातलं एकही हिंदुस्थानी बंदर पाहिलं नव्हतं. कंपनीकडचे नकाशे आणि रेखाटनं समोर ठेवून त्यांनी काम केलं.

मुंबईचं चित्र मी कितीतरी वर्षं छापील रूपात पाहत आले आहे. मूळ चित्रं आता ब्रिटिश लायब्ररीच्या संग्रहात आहेत. पुढे पाण्यात कंपनीची उंच जहाजं, मागे किल्ल्याचा तट, त्यावर निशाण. सगळं शांत, नीटनेटकं, मालकाला बघायला आवडेल असं. आमची लंडनची ताई (माझी मावसबहीण) फोनवर ते बघत म्हणाली, "पण तो आलाच नाही तिकडे, तर मग हे पाणी कुठलं गं?" या प्रश्नासाठी मी स्कॉटच्या मागे लागले आणि पुढचा सगळा प्रवास त्यातून घडला.

त्या शांततेबद्दल आधी सांगायला हवं. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले. चित्र रंगत होतं तेव्हा अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर सेखोजी आंग्रे होते आणि मुंबईहून निघालेलं कंपनीचं जहाज कोकणच्या किनाऱ्यावरून सुखरूप जाईलच अशी खात्री कुणी देत नव्हतं. चित्राचे पैसे दिल्यानंतर तीनच वर्षांनी, १७३५ मध्ये, संभाजी आंग्र्यांनी कंपनीचं डर्बी नावाचं मोठं जहाज मालासकट धरलं. संचालक त्या बातमीवर चर्चा करत असतील तेव्हा समोरच्या भिंतीवर स्कॉटचं ते निवांत बंदर असेल. चित्रातला तो किल्ला, म्हणजे बॉम्बे कॅसल, आज भारतीय नौदलाकडे आहे आणि १९५१ पासून तिथल्या तळाचं नाव आहे आय. एन. एस. आंग्रे. हे वाक्य लिहिताना मला अजूनही अंगावर काटा येतो.

प्रवासात आधी लंडनचं ग्रिनिच. समुद्रचित्र ही गोष्ट इंग्रजांनी डचांकडून घेतली, आणि तीही विचित्र परिस्थितीत. १६६७ च्या जूनमध्ये डच आरमार थेट मेडवे नदीत घुसलं, इंग्रजांची जहाजं जाळली आणि रॉयल चार्ल्स हे त्यांचं निशाणाचं जहाज ओढून घेऊन गेलं. त्यानंतर पाच-सहा वर्षांत दुसऱ्या चार्ल्स राजाच्या पदरी दोन डच चित्रकार दाखल झाले, थोरले आणि धाकटे विलेम व्हान डी व्हेल्डे. बाप जागेवर रेखाटनं करायचा, मुलगा ती रंगवायचा. प्रत्येकाला वर्षाला १०० पौंड, आणि काम करायला ग्रिनिचचं क्वीन्स हाउस. पुढची इंग्रज पिढी, म्हणजे पीटर मॉनमी, स्कॉट, चार्ल्स ब्रुकिंग, या डच बापलेकांच्याच चित्रांवर घडली. स्कॉटकडे व्हान डी व्हेल्डेंच्या रेखाटनांचा मोठा साठा होता. जहाजाची डोलकाठी किती उंच, तिच्यावर आडवी काठी कुठे, वारा भरल्यावर शीड कसं फुगतं, दोर कुठून कुठे जातो, हे सगळं त्याने तिथून घोटलं.

ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयाकडे स्कॉटच्या लढायांची चित्रं आहेत. १७४३ च्या जूनमध्ये इंग्रज आरमाराच्या अ‍ॅन्सनच्या सेंच्युरियन जहाजाने चांदीने भरलेलं स्पॅनिश गलबत पकडलं, ते एक; १७४७ च्या फिनिस्टेर भूशिराजवळच्या लढाईचं दुसरं. तोफांचा धूर, फाटलेली शिडं, सगळं आहे. पण मला ती चित्रं दुरून सांगितलेली वाटतात. स्कॉट लढाईत नव्हता. तो लंडनमधल्या स्टँप कचेरीत हिशेबनीस होता, १७२७ पासून, वर्षाला १०० पौंडांवर, आणि काम असं की चित्रांसाठी भरपूर वेळ उरे.

त्याच संग्रहालयाकडे डॉमिनिक सेरेस या दुसऱ्या चित्रकाराने १७७१ मध्ये रंगवलेलं 'घेरिया काबीज' हे चित्र आहे. घेरिया म्हणजे आपला विजयदुर्ग, फेब्रुवारी १७५६. तुळाजी आंग्र्यांचं आरमार त्या दिवशी जळून गेलं. इंग्रजांसाठी ते विजयाचं चित्र. माझ्यासाठी नाही. पेशव्यांनी इंग्रजांच्या मदतीने स्वतःचंच आरमार बुडवलं, ही सल ज्याला ठाऊक आहे त्याने या चित्राकडे थंडपणे पाहावं असं मी म्हणणार नाही.

आता मेडवे. लंडनच्या सेंट पॅन्क्रस स्थानकातून रॉचेस्टरला जलद गाडी आहे. इथे यायचं कारण, १७३२ च्या मे महिन्यात स्कॉट इथे आला होता, आणि मजेत आला होता. कॉव्हेंट गार्डनच्या बेडफर्ड आर्म्स या गुत्त्यात बसलेल्या पाच मित्रांनी रातोरात ठरवलं की चला, भटकायला निघू. विल्यम होगार्थ, सॅम्युअल स्कॉट, विल्यम टॉथॉल, जॉन थॉर्नहिल आणि एबेनेझर फॉरेस्ट. २७ मे रोजी निघाले, बिलिंग्जगेटहून होडीने ग्रेव्हसेंडला आणि तिथून पायी रॉचेस्टर. ३१ तारखेला परत. फॉरेस्टने वृत्तांत लिहिला, थॉर्नहिलने नकाशा काढला, टॉथॉलने पै न पैचा हिशेब ठेवला, होगार्थ आणि स्कॉटने चित्रं काढली. ते हस्तलिखित ब्रिटिश म्युझियममध्ये गेलं, छापलं मात्र १७८२ मध्ये. तोवर स्कॉटला जाऊन दहा वर्षं झाली होती.

कुठल्याही मोठ्या चित्रकाराच्या चरित्रात मला अशी पाच दिवसांची खिडकी क्वचितच सापडली आहे. रॉचेस्टरच्या हाय स्ट्रीटवर १६८७ सालचा गिल्डहॉल, म्हणजे जुनं नगरभवन आहे, लाल विटांचा, खाली दगडी खांब. आता तिथे संग्रहालय आहे. या खांबांमध्ये होगार्थ आणि स्कॉट जमिनीवर चौकोन आखून ठिकरीने लंगडी खेळले. इंग्लंडचा थोर व्यंगचित्रकार आणि इंग्लंडचा थोर समुद्रचित्रकार, दोघे तिशीतले. ताई आणि मी त्या खांबांशी बराच वेळ उभ्या राहिलो. इमारतीच्या माथ्यावर वाऱ्याची दिशा सांगणारं सोनेरी जहाज फिरतं, शिडा-दोरांसकट. ते नंतरचं आहे, स्कॉटने पाहिलेलं नाही, पण त्याला आवडलं असतं.

खरी जागा मात्र पलीकडच्या तीरावर, अपनॉरला. गावाचा एकच उतरता रस्ता, दगडी फरसबंदीचा, दोन्ही बाजूंना टुमदार घरं, आणि तो रस्ता सरळ नदीत उतरावा तसा काठापाशी संपतो. शेजारी अपनॉरचा किल्ला. पहिल्या एलिझाबेथच्या काळात चॅटमच्या गोदीतल्या जहाजांच्या रक्षणासाठी बांधलेला. पाण्याकडे त्रिकोणी टोक काढलेला बुरूज आहे, त्यावर तोफा. १६६७ मध्ये डच आले तेव्हा या किल्ल्याने तोफा डागल्या, पण त्यांना अडवता आलं नाही. समोरच्या तीरावर चॅटमची गोदी दिसते. ती १९८४ मध्ये बंद झाली, आता पाहायला खुली आहे.

इथे १७३२ मध्ये होगार्थने किल्ल्याचं चित्र काढलं आणि स्कॉटने जवळच्या जहाजांचं. म्हणजे लॅम्बर्टबरोबर केलेली वाटणी इथेही होतीच: जमीन दुसऱ्याची, पाणी स्कॉटचं.

आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती. पात्राच्या दोन्ही कडांना चकाकणारा चिखल, त्यात पक्ष्यांचे पाय, तिरक्या पडलेल्या होड्या. मला शिवडीची खाडी आठवली. मग भरती चढायला लागली. मेडवेत भरती लोटत येत नाही, ती सरकत येते. बघता बघता चिखल नाहीसा होतो आणि होड्या एकेक करून सरळ उभ्या राहतात. पाणी राखाडी, थोडं हिरवट. त्यावर आखूड, एकामागोमाग एक, जवळजवळ सारख्या मापाच्या लाटा. ऊन ढगांतून तिरकं येतं आणि लाटेच्या फक्त एका अंगाला लागतं, दुसरं अंग शिशासारखं काळपट राहतं.

फोनवर मुंबईचं ते चित्र उघडून ताईच्या हातात दिलं. ती चित्राकडे बघत होती, मग नदीकडे, मग परत चित्राकडे. "हेच की गं," म्हणाली.

माझंही तेच मत झालं. मुंबई बंदरावरचा उजेड असा नसतो. आमच्याकडे ऊन डोक्यावरून पडतं, पाण्याला चट्टे देतं. दुपारी बंदरात पाहिलं तर डोळे दिपतात आणि पावसाळ्यात तर पाणी आणि आभाळ वेगळं काढता येत नाही. स्कॉटच्या मुंबईत ते काहीच नाही. तिथे उत्तरेकडचं मऊ, तिरकं ऊन आहे, थेम्स-मेडवेच्या तोंडावरचे ढग आहेत. ज्या वर्षी कंपनीचे पैसे मिळाले त्याच वर्षीच्या मे महिन्यात तो या काठावर बसून जहाजं रेखाटत होता. त्याने फसवलं असं मला मुळीच वाटत नाही. जहाजं खरी आहेत, ती थेम्सवर त्याच्या डोळ्यांपुढे रोज होती. त्याला जे पाणी मनापासून ठाऊक होतं ते त्याने आमच्या किल्ल्यासमोर भरलं.

अपनॉरहून ती मंडळी पुढे हू, स्टोक, मग ग्रेनच्या बाजूने शेप्पी बेटावरच्या शिअरनेसला गेली. तिथला एक प्रसंग मला फार आवडतो. नुकत्याच उडवलेल्या तोफांच्या बत्तीच्या भोकांना नाक लावून स्कॉट वास घेत होता आणि बाकीचे त्याला हसत होते. हसू देत. पुढे ज्याला आयुष्यभर तोफांचा धूर रंगवायचा होता, तो दारूचा वास घेणारच.

शिअरनेसला आम्ही गेलो नाही, पाऊस लागला. त्याऐवजी लंडनला परतून दुसऱ्या दिवशी मिलबँकच्या टेट ब्रिटनची वाट धरली.

१७४६ मध्ये शहरांची आणि पाण्याकाठची दृश्यं रंगवणारा चित्रकार कॅनालेट्टो व्हेनिसहून लंडनला आला आणि थेम्सच्या चित्रांना एकदम मागणी आली. स्कॉटला इंग्रज कॅनालेट्टो म्हणतात ते याच काळातल्या कामावरून, जणू दुसऱ्याचं पाहून तो नदीकडे वळला. मला हे पटत नाही. जो माणूस तिशीत मेडवेच्या काठी बसून होड्या काढत होता त्याला नदी दाखवायला व्हेनिसहून कुणी यायची गरज नव्हती. त्याच वेळी लंडनमध्ये वेस्टमिन्स्टरचा नवा दगडी पूल उभा राहत होता. मधल्या लंडनमध्ये तोवर थेम्सवर एकच पूल होता, जुना लंडन ब्रिज. नवा १७५० च्या नोव्हेंबरात खुला झाला. स्कॉटने तो बांधताना पाहिला, रेखाटला, आणि त्याची एकच कमान घेऊन दीड मीटरहून रुंद चित्र केलं.

हे त्याचं सर्वांत मोठं काम, असं माझं ठाम मत आहे. त्यात एकही लढाई नाही, एकही मोठं जहाज नाही. अख्खा पूलही नाही. पांढुरक्या दगडाची कमान चित्र भरून राहते, वर कठड्यापाशी कामकरी विसावले आहेत, आणि कमानीखालून पलीकडची नदी व काठ दिसतो. दगडाच्या पोटावर पाण्याचा उजेड चढलेला आहे. संचालकांना खूश करायचं नाही, दर्यावर्दी सेनापतीला मोठं दाखवायचं नाही. रोज पाहिलेली जागा, रोजचं पाणी. त्या काळचा लेखक होरेस वॉल्पोल याने स्कॉटला आपल्या काळातला पहिला चित्रकार म्हटलं. असं एक चित्र पुरे होतं त्यासाठी.

१७५५ मध्ये स्टँप कचेरीतली जागा सुटली. संधिवाताने तो बेजार होता. लंडनजवळचं ट्विकनहॅमचं घर सोडलं, लडलोला गेला, शेवटी बाथला, आणि १२ ऑक्टोबर १७७२ रोजी तिथेच वारला. त्याचा शिष्य विल्यम मार्लो पुढे थेम्सची उत्तम चित्रं काढत राहिला.

टेटमध्ये जाणार असाल तर प्रवेशाला तिकीट नाही, पण चित्रं फिरती असतात. स्कॉटची कमान त्या आठवड्यात भिंतीवर आहे का ते संकेतस्थळावर आधी बघा. असेल तर जवळ जा, इतकं जवळ की रखवालदार एकदा तुमच्याकडे बघेल, आणि कमानीच्या पायापाशी, जिथे दगड ओला होतो, तिथलं पाणी नीट पाहा.