मार्क फिड्रिच आणि माउंडवरची माती

अमेरिकन बेसबॉलमधला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, मार्क फिड्रिच चेंडूशी बोलायचा, एवढं सगळ्यांना आठवतं. त्याआधी तो गुडघे टेकून माउंडवरची माती हाताने सारखी करायचा. मला तेच जास्त मोलाचं वाटतं.

माउंड म्हणजे पिचरचा मातीचा उंचवटा. १९६९ पासून त्याची उंची १० इंच. चेंडू टाकताना पुढचं पाऊल दर वेळी जवळपास एकाच जागी आदळतं, तिथे खड्डा होतो. दोन्ही संघांचे पिचर तोच माउंड वापरतात. समोरच्याची ढांग थोडी लांब असली की त्याच्या खड्ड्याच्या काठावर आपलं पाऊल कलंडतं, चेंडू हातातून अंमळ लवकर सुटतो आणि वर राहतो. फिड्रिचची सगळी भिस्त सिंकरवर, बॅटरजवळ खाली बसणाऱ्या चेंडूवर. सिंकर गुडघ्याशी राहिला तर बॅटर तो जमिनीत मारतो. कंबरेपर्यंत आला तर बॅटरला तो आयताच मिळतो. म्हणून ते खड्डे बुजवणं.

आकडेही हेच सांगतात. १९७६ मध्ये डेट्रॉइट टायगर्सकडून १९ विजय, ९ पराभव, नऊ इनिंगमागे २.३४ धावा, आणि २५० इनिंगमध्ये स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर, फक्त ९७. बाकीचे बळी क्षेत्ररक्षकांच्या हातून. एखाद्याने छान झेललं की हा धावत जाऊन त्याच्याशी हात मिळवायचा, ते उगाच नव्हे. ज्या चेंडूवर बॅटरने यशस्वी फटका (हिट) मारला तो पंचांकडे परत द्यायचा; बाकीच्या चेंडूंमध्ये राहून तो सुधारेल, असं म्हणायचा.

वय २१, लांब तंगड्या, टोपीखालून उसळणारे पिवळे कुरळे केस. 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमातल्या बिग बर्ड या मोठ्या पिवळ्या पक्ष्यावरून त्याचं नाव पडलं 'द बर्ड'. मूळचा तो मॅसॅच्युसेट्सचा, पण डेट्रॉइटने त्याला घरचा पोरगा करून टाकलं. आदल्या वर्षी संघ १०२ सामने हरला होता, आणि मोटारींवर जगणाऱ्या या शहरात त्या धंद्यातही मंदी होती. २८ जून १९७६ ला न्यूयॉर्क यांकीजविरुद्धचा सामना देशभर टीव्हीवर दिसला. टायगर्स ५-१ ने जिंकले, तेही दोन तासांच्या आत, आणि जवळपास ४८ हजार माणसं 'बर्ड, बर्ड' ओरडत जागची हलेनात. तो पुन्हा बाहेर आला तेव्हाच त्यांचं समाधान झालं. पुढच्या वर्षी 'रोलिंग स्टोन' या संगीत-मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकलेला तो पहिला बेसबॉलपटू.

२९ सामने त्याने सुरू केले, त्यातले २४ शेवटपर्यंत एकट्याने ओढले. कोवळ्या खांद्यावर हा भार फार होता, असं माझं ठाम मत आहे. मार्च १९७७ मध्ये सरावात उंच चेंडू झेलताना गुडघा दुखावला, शस्त्रक्रिया झाली. जूनमध्ये तो 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' या क्रीडा-साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर खुद्द बिग बर्डशेजारी उभा होता. ४ जुलैला बाल्टिमोरमध्ये हातातला जोर एकदम गेला. खांद्याचा रोटेटर कफ, म्हणजे सांधा धरून ठेवणारे स्नायू, फाटलाय, हे कळायला १९८५ उजाडलं. तोवर कारकीर्द संपली होती. एकूण २९ विजय, त्यातले १९ त्या एकाच मोसमातले.

मग तो नॉर्थबरोला, आपल्या गावी परतला. शेत घेतलं, दहा चाकी ट्रक घेतला आणि खडी-माती वाहू लागला. १३ एप्रिल २००९ ला त्याच ट्रकखाली दुरुस्ती करताना तो गेला. वय ५४.