टॉवेलांचं सोवळं

रविवारी दुपारी गच्चीवर गेलो, तर माझे गाडी पुसायचे अकराच्या अकरा टॉवेल मुलाच्या बनियनांशेजारी वाळत होते. भर उन्हात. आणि लॅव्हेंडरचा वास मारत होते.

"मशीन अर्धं रिकामंच होतं, म्हटलं तुमचेही टाकावेत. आणि ते मऊ करायचं औषध पण घातलंय हो, एक झाकण जास्तच," बायको म्हणाली. कौतुकाच्या अपेक्षेनं.

ज्यांना गाडी चमकवायचा हा नाद आहे त्यांच्या पोटात इथेच गोळा आला असेल. ते औषध धाग्यावर थर धरतं आणि टॉवेल पाणी प्यायचं विसरतो. मी निळा टॉवेल उचलला, टाकीच्या नळाखाली बोट ओलं करून त्यावर एक थेंब सोडला. अळूच्या पानावर बसावा तसा तो थेंब टुमटुमीत बसून राहिला. मग टॉवेल तळहातावरून फिरवून पाहिला. चांगला मायक्रोफायबर तळहाताच्या भेगांना अडकतो, नखाच्या कोपऱ्याला धरतो, अंगावर बारीक शहारा येतो. हा लोण्यासारखा सरकला. वर सुती बनियनची लव चिकटलेली, ती वेगळीच.

आमच्याकडे निळा टॉवेल काचेचा. पिवळा पॉलिश पुसायचा. राखाडी दारांच्या खाचांचा. चाकांचाही एकेकाळी निळाच होता, आता ब्रेकच्या धुळीनं त्याला रंगच उरलेला नाही. हे एकत्र धुवायचे नाहीत. सुती कपड्यांबरोबर तर नाहीच नाही. पावडर नको, पातळ साबण, तोही बेतानं. पाणी फार तर कोमट, कारण धागा ८० टक्के पॉलिएस्टर आणि २० टक्के नायलॉनचा, कढत पाण्यानं त्याचे बारीक धागे ताठर होतात. वाळवायचे सावलीत. कोपऱ्यावरचं लेबल आणल्या दिवशीच कापायचं. आणि टॉवेल जमिनीवर पडला की त्याची बदली थेट चाकांकडे. वाळूचा एक कण पुरतो. उन्हात बॉनेटवर बारीक ओरखड्यांचं कोळ्याचं जाळं दिसायला लागतं.

हे सगळं मी तावातावानं सांगितलं. ती दोरीवरचे चिमटे काढत म्हणाली, "म्हणजे सोवळंच की हो हे."

मी गप्प झालो.

सांगलीत गावभागातल्या घरात आजीचं असंच होतं. देवाची उपकरणी पुसायचं फडकं सर्वांत वर, आढ्याजवळच्या दांडीवर, काठीनं वाळत घातलेलं. तिथवर आम्हा पोरांचा हात पोचू नये हाच हेतू. बाकीची फडकी आजोबांच्या धोतरातून जन्मायची. धोतर विरलं की आधी ओट्याचं फडकं, मग कंदिलाची काच, मग बाबांची स्कूटर, आणि शेवटी पोतेरं. खाली उतरत जायचं. वर कधी कुणी चढलं नाही. एकदा मी मुंजीत मिळालेल्या नव्या सायकलची दांडी चमकवायला काठीनं ते देवाचं फडकं ओढून काढलं. आजीनं पाहिलं. "मेल्या, आता काय देवाला ग्रीस लावू?" एवढंच म्हणाली. पण फडकं परत दांडीवर गेलं नाही. पुढचे कित्येक महिने बाबांची स्कूटर देवाच्या फडक्यानं पुसली जात होती आणि बाबा त्याबद्दल फार खूश होते, कारण ते खरोखरच चांगलं सुती होतं.

कॉलेजात गेल्यावर मी आजीच्या सोवळ्याशी भांडलो. फडक्यांसाठी नव्हे, त्याच दांडीवर माणसंही वर-खाली टांगलेली असायची, त्यासाठी. ते भांडण अजूनही बरोबरच वाटतं. पण फडक्यांपुरतं म्हातारीचं काही चुकत नव्हतं, असं आता टॉवेल घडी करताना वाटतं.

हे टॉवेल मरत नाहीत म्हणा. कोमट पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून भिजवायचे, दोन वेळा स्वच्छ खळबळायचे. बहुतेक जगतात. तेच करत बसलो होतो. बादलीत निळा टॉवेल पिळताना २०१९ चा ऑगस्ट आठवला.

आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी कृष्णा ५७ फुटांपुढे गेली. आम्ही आईला घेऊन विश्रामबागेत मित्राकडे. पाणी उतरल्यावर गावभागातलं दार उघडलं, तर आत घोट्याएवढा गाळ, साबणासारखा निसरडा. घरात कोरडी चिंधी नव्हती. ओल्या गाद्या, ओल्या साड्या, कपाटं फुगून उघडेनात. कोरडं काय ते माझ्या गाडीच्या डिकीत, प्लॅस्टिकच्या डब्यात, रंगवार घड्या घातलेलं.

मी डबा आणला. आईनं रंग पाहिले नाहीत. पिवळ्यानं देव पुसले, चाकांच्या टॉवेलानं पाट पुसला, राखाडीनं स्वतःचे पाय. मीही काही बोललो नाही. मग तिनं भिंतीवरून आजीचा फोटो उतरवला. त्याला मात्र योगायोगानं निळाच लागला, काचेचा. गाळाची रेघ फोटोत आजीच्या कपाळावरून गेली होती, काचेच्या आतून. आई बाहेरून पुसत राहिली, बराच वेळ.